कान्हदास सोनार ते राम सुतार : घडविणाऱ्या हातांचा इतिहास



विहाराचा वर्धापन दिन आला की स्मरणिका निघते, आणि स्मरणिकेच्या शेवटी देणगीदारांची यादी असते. ती असलीच पाहिजे. कुणी सिमेंटची पोती दिलेली असतात, कुणी फरशी बसवून दिलेली असते, कुण्या माउलीने भाजीच्या टोपलीतून वाचवलेले पन्नास रुपये दिलेले असतात. दानाची अशी नोंद ठेवण्याची रीत आपल्या धम्मात आजची नाही, दोन हजार वर्षांची आहे. लेण्यांच्या खांबांवर आणि भिंतींवर अशाच याद्या कोरलेल्या आहेत.

परंतु प्रश्न असा आहे की, ज्या मूर्तीपुढे आपण त्रिशरण-पंचशील घेतो ती मूर्ती घडवली कुणी? ज्या तसबिरीला आपण १४ एप्रिलला हार घालतो ती रंगवली कुणी? पैसे देणाऱ्याचे नाव राहिले, मग हात ज्याचे झिजले त्याचे नाव कुठे गेले? याच प्रश्नाचा मागोवा आपल्या मराठवाड्याच्या मातीतून घेण्याचा हा एक लहानसा प्रयत्न.

हातावर कोरलेले नाव

कन्नडजवळच्या सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोरा नावाची लेणी आहेत. अजिंठा-वेरूळला जाणारे हजारो असतात, पितळखोऱ्याला फारसे कुणी जात नाही. पण ही लेणी फार जुनी, इसवी सनापूर्वीच्या काळातली. त्यांच्या खांबांवरील लेखांत पैठणची माणसे भेटतात. सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला मितदेव पैठणचा, त्याने खांबाचे दान दिले. संघकाच्या मुलांनी दिला तो खांबही पैठणच्याच लोकांचा. हे पैठण गोदावरीकाठचे. तीच गोदावरी पुढे आपल्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालमच्या शिवारातून वाहते. म्हणजे ही काही परक्या मुलखाची गोष्ट नव्हे!

१९५० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली पितळखोऱ्याची माती उपसण्यात आली. त्या मातीतून एक यक्ष निघाला. ठेंगणा, ढेरपोट्या, डोक्यावर पात्र घेतलेला आणि तोंडभर हसणारा. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. या यक्षाच्या हातावर एक छोटा लेख कोरलेला आहे. त्याचा अर्थ एवढाच की, कान्हदास नावाच्या सोनाराने हे केले.

बघा, केवढी मोठी गोष्ट आहे ही! मराठवाड्यातल्या कलावंताचे एवढे जुने नाव आपल्याला दगडावर वाचायला मिळते, आणि ते राजाचे नाही, पुरोहिताचे नाही, एका सोनाराचे आहे. सोन्याचा दागिना घडवणाऱ्या माणसाने छिन्नी हाती घेतली आणि काळ्या दगडात हसू आणले. त्या यक्षाच्या गळ्यातले, कानातले दागिने बारकाईने पाहिले तर सोनाराचा हात ओळखू येतो.

असे नाव आणखी एक सापडते. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात एका भग्न मूर्तीशेजारी लेख आहे की, कान्हाचा शिष्य बालक याने हे केले. गुरूचे नाव आधी, आपले नाव नंतर. काही अभ्यासकांना हा कान्ह आणि पितळखोऱ्याचा कान्हदास एकच असावेत असे वाटते. ते असो वा नसो, कारागिरी गुरूकडून शिष्याकडे जात होती आणि शिष्य गुरूचे नाव दगडावर अभिमानाने लिहीत होता, हे तर स्पष्टच आहे. तिकडे सांचीच्या दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा मुख्य आनंद याचे नाव आहे, आणि त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी आपण हे काम केल्याचे लिहून ठेवले आहे.

हे कुठे घडत होते, याचाही विचार केला पाहिजे. वर्णव्यवस्थेने हाताने काम करणाऱ्याला खालची पायरी दिली. पण बौद्ध लेण्यांच्या लेखांत कल्याणचा लोहार आहे, कुड्याचा माळी आहे, कार्ल्याच्या चैत्याचे दार करणारा सामी नावाचा सुतार आहे, जुन्नरला कासारांच्या आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणी आहेत. ही माणसे दान देत होती, काम करत होती आणि आपले नाव उघडपणे लिहीत होती. संघाच्या दारात त्यांना संकोच वाटत नव्हता. इतिहासाच्या पुस्तकात राजांच्या लढायांना दहा पाने मिळतात, या लोहार-सुतारांना एक ओळही मिळत नाही, म्हणून ही नावे मुद्दाम सांगितली.

अजिंठा : काम जगाला माहीत, नाव कुणालाच नाही

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याला दुसऱ्यांदा मोठे काम सुरू झाले. त्या वेळी या भागावर वत्सगुल्मच्या वाकाटकांचे राज्य होते. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. वाशिमला सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात नांदेडच्या उत्तरेकडील एका गावाच्या दानाचा उल्लेख आहे. वाशिम आणि नांदेड यांच्या मधोमध कोणता मुलूख येतो? आपला जुना परभणी जिल्हा! (हिंगोली १ मे १९९९ रोजी वेगळी झाली, त्याआधी ती आपल्यातच होती.) तेव्हा ज्या राज्यात अजिंठा रंगला त्या राज्यात आपली ही भूमीही होती, हे लेकरांना सांगायला हरकत नाही.

अजिंठ्याचे सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दान दिले. सव्विसावे लेणे बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने आपल्या मित्राच्या, अश्मकाच्या मंत्र्याच्या, स्मरणार्थ करविले. तथागतांच्या महापरिनिर्वाणाची ती सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती याच लेण्यात आहे. दोघांचीही नावे लेखात आहेत. पण पहिल्या लेण्यातला पद्मपाणी कुणी काढला? सतराव्या लेण्यात तथागत भिक्षापात्र घेऊन यशोधरेच्या आणि राहुलाच्या पुढे उभे आहेत, ते चित्र कुणी काढले? बाप केवढा उंच आणि लेकरू केवढेसे, हे ज्याने ब्रशाच्या फटकाऱ्यात दाखवले तो कोण? कुणालाच सांगता येत नाही.

त्यांची नावे नसली तरी त्यांच्या कामाची पद्धत मात्र अभ्यासकांनी शोधली आहे. आधी छिन्नीने खडबडीत ठेवलेल्या भिंतीवर माती, भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा चढवत. तो घोटून त्यावर चुन्याचा पातळ हात देत. वाळल्यावर लाल रेषेने आकृती काढत आणि मग डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग भरत. लाल आणि पिवळा रंग गेरू-हुरमुंजीच्या जातीचा, हिरवा रंग हिरव्या मातीचा, काळा काजळीचा. हे सारे जवळपास मिळणारे होते. फक्त निळा रंग दूरचा. तो राजावर्त नावाच्या दगडापासून करत आणि तो दगड पार अफगाणिस्तानातून येई. आपल्या घरी आजही भिंतीला माती-भुशाचा गिलावा देणाऱ्या आज्या आहेत. त्यांना हे सांगा. त्या म्हणतील, "अरे, हे तर आमचंच काम!" आणि ते खरेच आहे. जगाने डोक्यावर घेतलेल्या त्या चित्रांच्या खाली आपल्या घरच्यासारखाच मातीचा हात आहे.

यातली एक खंत सांगितल्यावाचून राहवत नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज फौजी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने त्या दरीत आला. दहाव्या लेण्यात शिरून त्याने खांबावरच्या चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरली. ती आजही वाचता येते. म्हणजे आयुष्य घालून चित्रे काढणाऱ्यांचे नाव नाही आणि एका दिवशी येऊन चित्र ओरबाडणाऱ्याचे नाव मात्र आहे! इतिहासात असा उफराटा न्याय वारंवार होतो.

नकला करणाऱ्यांची कहाणी

लेणी सापडल्यावर त्या चित्रांच्या नकला उतरवण्याचे काम सुरू झाले. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याला राहून वर्षानुवर्षे चित्रे उतरवत राहिला. ती लंडनला पाठवली आणि १८६६ च्या डिसेंबरमध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळून गेली. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपले विद्यार्थी घेऊन पुन्हा काम केले. पेस्तनजी बोमनजी हा गुणी विद्यार्थी त्यांच्यातच होता. त्या चित्रांपैकीही पुष्कळशी १८८५ च्या आगीत लंडनमध्येच नष्ट झाली. उरलेल्यांवरून ग्रिफिथ्स यांचे दोन खंड निघाले. पुस्तकावर नाव ग्रिफिथ्सचे, पण दमट अंधारात उभे राहून हात चालवणारी मुले हिंदी होती.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अजिंठाही त्यात आणि परभणीही त्यात. लेडी हेरिंगहॅम १९०९ ते १९११ या काळात नकला काढायला आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत बंगालचे नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त, म्हैसूरचे वेंकटप्पा हे तरुण होते आणि हैदराबादहून सय्यद अहमद व मोहम्मद फजलुद्दीन हे दोन चित्रकार होते. बाकीचे परत गेले. सय्यद अहमद मात्र पुढे संस्थानाच्या पुरातत्त्व खात्यातर्फे लेण्यांची देखभाल पाहू लागले आणि तिथलेच झाले. त्यांनी आणि मोहम्मद जलालुद्दीन यांनी उतरवलेल्या प्रतिकृती हैदराबादच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर मोठे खंड प्रसिद्ध केले. तथागतांच्या चित्रांची निगा राखायला मुसलमान चित्रकारांनी उमेदीची वर्षे दिली, ही गोष्ट आज अगत्याने सांगण्यासारखी आहे.

नीट जतन न झाले तर चांगल्या हेतूनेही नुकसान होते. १९२० ते १९२२ मध्ये इटलीहून आणलेल्या तज्ज्ञांनी चित्रे पक्की करताना लाखेचे व्हार्निश लावले. काही वर्षांनी ते पिवळे-काळे पडले आणि चित्रे झाकोळली. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते काढत बसावे लागले. आपल्याकडे जुन्या दगडी मूर्तीला हौसेने ऑइल पेंट फासणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अजिंठ्यापासून संविधानापर्यंत

अजिंठ्यात शिकून गेलेल्या त्या नंदलाल बोसांचे पुढे काय झाले? ते शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख झाले. देश स्वतंत्र झाला, परमपूज्य डॉ. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली मसुदा समितीने संविधान तयार केले, आणि त्या संविधानाची मूळ प्रत चित्रांनी सजवण्याचे काम नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांकडे आले. त्या प्रतीत भगवान बुद्धांच्या जीवनातील प्रसंगाचे चित्र आहे, सम्राट अशोक धम्माचा प्रसार करीत आहे तेही चित्र आहे. म्हणजे मराठवाड्याच्या डोंगरातल्या त्या निनावी चित्रकारांची रेषा फिरत फिरत बाबासाहेबांच्या संविधानापर्यंत येऊन पोहोचली. याहून मोठा योग कोणता?

आणि इथे एक शिकवण देणारी गोष्ट आहे. इंग्रजी संविधानाची ती २५१ पानांची प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी बोरूसारख्या टाकांनी हाताने लिहिली. मानधन किती घेणार, असे विचारले तेव्हा त्यांनी पैसा नको म्हटले. त्यांची अट एकच होती. प्रत्येक पानावर माझे नाव आणि शेवटच्या पानावर माझ्या नावासोबत माझ्या आजोबांचे नाव असावे. आजोबांनीच त्यांना अक्षर शिकवले होते. अट मान्य झाली. कोंडाण्याच्या बालकाने दोन हजार वर्षांपूर्वी जे केले तेच रायजादांनी केले. आपले नाव सांगितले आणि गुरूचेही सांगितले. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरचे दिवस आपल्या वस्त्यांनी कसे काढले, ते या पानांवर नव्याने लिहिण्याची गरज नाही. इथे एवढेच सांगायचे आहे की, दुरून पाहणाऱ्याला ती नुसती सिमेंट-काचेची वस्तू वाटते. आपल्याला तसे वाटत नाही. कारण तिच्यामागे किती माणसांचे हात, किती पिढ्यांची तहान आहे, ते आपल्याला ठाऊक आहे.

तहान हा शब्द उगीच वापरलेला नाही. १९३४ साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यात हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून जमाव धावून आला आणि शेवटी पाण्याला शिवणार नाही या बोलीवर, शिपाई सोबत देऊन, त्यांना किल्ला दाखवण्यात आला. ज्यांच्या पूर्वजांनी ती लेणी खोदली असतील त्यांनाच वाटेत पाणी नाकारले गेले!

बाबासाहेबांना आकार देणारे शिल्पकार

ज्यांना पाणी नाकारले त्यांचे पुतळे आज गावोगाव आहेत. सुरुवात कोल्हापूरला झाली. ९ डिसेंबर १९५० रोजी बिंदू चौकात भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे अर्धपुतळे उभे राहिले, तेही बाबासाहेबांच्या हयातीत. शिल्पकार होते बाळ चव्हाण. दिल्लीला संसदेच्या आवारात संविधान हाती घेतलेला, बोट उंचावलेला जो पुतळा आहे तो ब्र. वि. वाघ यांनी घडवला. २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी त्याचे अनावरण केले. (२०२४ मध्ये तो संसदेच्या आवारातच प्रेरणास्थळी हलवला गेला.) आपल्याकडच्या चौकाचौकांत जी उभी मुद्रा दिसते तिचा वळणदार नमुना या पुतळ्यात आहे. पण वाघांचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

राम सुतारांचे नाव मात्र पुष्कळांना माहीत आहे. १९ फेब्रुवारी १९२५ रोजी धुळे जिल्ह्यातील गोंदूर या खेड्यात सुतारकाम करणाऱ्या गरीब घरात ते जन्मले. मुंबईच्या जे. जे. त शिकले आणि १९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व खात्यात औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) नोकरीला राहून अजिंठा-वेरूळच्या भग्न शिल्पांच्या दुरुस्तीचे काम त्यांनी केले. तुटलेल्या बोटांची, झिजलेल्या ओठांची दुरुस्ती करता करता त्या जुन्या कारागिरांकडूनच ते शिकले, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही. वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक 'सुतार की झोपडी' म्हणतात. त्या झोपडीत एक खरा सुतार येऊन उमेदवारी करून गेला! पुढे १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा त्यांनी घडवला. मुंबईच्या इंदू मिलच्या जागेवरील बाबासाहेबांच्या ३५० फुटी पुतळ्याचे कामही त्यांच्याकडेच आले. तो उभा राहिलेला पाहण्याआधी, वयाच्या शंभराव्या वर्षी, डिसेंबर २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या वस्तीतले कान्हदास

मोठ्यांची नावे निदान कागदावर आहेत. पण १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर खेड्यापाड्यांत बुद्ध-भीमाची प्रतिमा पोहोचवली ती कुणी? घरातले जुने देव गेले, त्या जागी तसबीर हवी होती. कॅलेंडरवरचे चित्र पाहून चौकोन आखून भिंतीवर बाबासाहेब रंगवणारे पेंटर, जयंतीच्या मिरवणुकीसाठी पुठ्ठ्याचा आणि थर्माकोलचा चैत्य उभा करणारी पोरे, सिमेंटमध्ये बुद्धमूर्ती ओतणारे मिस्त्री, निळ्या झेंड्यावर हाताने अशोकचक्र काढणाऱ्या बाया. कित्येकांनी मजुरी घेतली नाही. "बाबाचं काम हाय, पैसे कशाचे?" असे म्हणणारी ही माणसे.

ते पेंटर दिवसा दुकानांच्या पाट्या आणि ट्रकचे नंबर रंगवत आणि रात्री कंदिलाच्या उजेडात विहाराची भिंत. पुढे फ्लेक्स आले. एका रात्रीत वीस फुटी बाबासाहेब छापून मिळू लागले आणि त्यांचे ब्रश डब्यातच वाळले. कुणी वॉचमन झाले, कुणी हमाली धरली. भिंतींना नवा रंग लागला आणि त्यांची चित्रेही गेली. अजिंठ्याची चित्रे दीड हजार वर्षे टिकली, आपली पन्नास वर्षेही टिकू नयेत काय?

म्हणून एक नम्र सूचना आहे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीशेजारी आणखी एक यादी असावी. मूर्ती कुणी घडवली, भिंत कुणी रंगवली, गिलावा कुणी केला, कमान कुणी बांधली, पाटीवरची अक्षरे कुणी लिहिली, आणि त्यांनी ते कुणाकडून शिकले. आपल्या जिल्ह्यातल्या चौकाचौकांत बाबासाहेबांचे जे पुतळे आहेत त्यांच्या शिल्पकारांची नावेही शोधून काढावीत. काम अवघड नाही. घरोघरी सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत, त्यांच्यापाशी वही घेऊन बसावे लागेल. जुने फोटो पेटीत असतील, त्यांच्या मागे नावे लिहावी लागतील. कॉलेजात शिकणाऱ्या मुला-मुलींनी हे काम अंगावर घ्यावे. ही माणसे गेल्यावर विचारायचे कुणाला?

कान्हदास सोनाराने आपले नाव यक्षाच्या हातावर कोरले, म्हणून दोन हजार वर्षांनी आपण त्याला नावाने हाक मारू शकतो. आपल्या विहारातल्या मिस्त्रीचे आणि पेंटरचे नाव कोरायला आपल्याला दगड लागणार नाही. एक पान पुरे.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!